प्लेऑफ तोंडावर आले की एनएफएलचे संघ आणि क्वार्टरबॅक कसे जोखायचे

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की न्यू जर्सीहून माझ्या मावसभावाचा फोन येतो. त्याच्या ऑफिसात एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा, तक्ता भरायचा असतो आणि दरवर्षी तो एकाच ठिकाणी चुकतो. आधी क्वार्टरबॅकचं, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, नाव बघतो, मग जिंकलेले सामने मोजतो, आणि तिथेच थांबतो. पुण्यात सोमवारी पहाटे उठून सामने बघणारी आमची मंडळीही हेच करतात. माहिती सगळ्यांकडे असते, ती वापरायचा क्रम चुकतो. क्वार्टरबॅक हा या खेळातला सर्वांत महत्त्वाचा खेळाडू आहे, यात वाद नाही. पण त्याची पाळी पाचव्या टप्प्यावर येते. त्याआधी संघाच्या निकालांवर चढलेला नशिबाचा थर खरवडून काढावा लागतो. तो तसाच ठेवला तर संघाचं नशीब आपण एका माणसाच्या खात्यावर जमा करतो.

टचडाउन, डाउन, सॅक, इंटरसेप्शन हे शब्द ओळखीचे आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

## तयारी

बसायची वेळ: चौदावा आठवडा संपल्यावर. तोपर्यंत सगळ्यांच्या सुट्टीचे आठवडे आटोपलेले असतात, प्रत्येकाचे तेरा सामने झालेले असतात आणि चार उरलेले असतात. ऑक्टोबरात केलेली मांडणी डिसेंबरात कामाला येत नाही, कारण तोवर अर्धे संघ दुखापतींनी बदललेले असतात.

साधन म्हणाल तर एक चौकटीची वही पुरते. ज्यांना अजून आशा आहे अशा अठरा-वीस संघांनाच एकेक पान द्या, बत्तीस संघ करत बसू नका. प्रत्येक सामन्याला एक ओळ आणि सहा रकाने: प्रतिस्पर्धी, घरचं मैदान की बाहेरचं, निकाल, दोन्ही बाजूंचे टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांच्या हाती गेलेले प्रसंग), आपल्या बाजूने कोण खेळला नाही, समोरच्या बाजूने कोण खेळला नाही. शेवटचे दोन रकाने भरायचा कंटाळा येतो आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो. एका संघाला वीस मिनिटं लागतात.

सावधान: आपलं पान पूर्ण होईपर्यंत कुणाचीही क्रमवारी वाचू नका, चर्चा ऐकू नका. एकदा 'हा संघ तिसऱ्या क्रमांकाचा' असं डोक्यात बसलं की पुढचे सगळे आकडे आपण त्या तिसऱ्या क्रमांकाला साजेसे वाचतो.

## टप्पा १ : कुणाला किती सामने जिंकावे लागतील

लीगचे दोन मोठे गट म्हणजे दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार डिव्हिजन, आणि प्रत्येक कॉन्फरन्समधून सात संघ. चार डिव्हिजन विजेत्यांना पहिली चार सीड (मानांकनं), आणि डिव्हिजन न जिंकलेल्यांतल्या तीन सर्वोत्तम, म्हणजे वाइल्ड कार्ड संघांना पाच ते सात. २०२० च्या हंगामापासून पहिल्या फेरीची सुट्टी फक्त पहिल्या सीडला मिळते.

या सुट्टीची किंमत एकदा कागदावर मांडून बघा. समजा एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ६० टक्के आहे. पहिल्या सीडला विजेतेपदासाठी तीन सामने जिंकायचे असतात: ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. तोच संघ दुसऱ्या सीडला असेल तर चार सामने: सुमारे १३ टक्के. संघ तोच, ताकद तीच, आणि शक्यता जवळजवळ निम्म्यावर. म्हणून पहिल्या सीडच्या शर्यतीत कोण आहे, त्यांचे उरलेले सामने कुणाशी आहेत, हे आधी लिहून ठेवा.

डिव्हिजन विजेता वर बसतो, मग त्याची कामगिरी कशीही असो. २०२२ च्या हंगामात टँपा बे बकनीअर्स ८-९ (आठ विजय, नऊ पराभव) असूनही चौथे सीड होते आणि १२-५ च्या डॅलस काउबॉइजना त्यांच्या घरी जाऊन खेळावं लागलं. डॅलसने तो सामना ३१-१४ असा जिंकला. सीड बघून ताकद ठरवणारे तिथे फसले.

बरोबरी झाली तर काय, तेही पाहून ठेवा. एकाच डिव्हिजनमधले दोन संघ असतील तर आधी आपापसातले सामने, मग डिव्हिजनमधली कामगिरी. वाइल्ड कार्डसाठी वेगवेगळ्या डिव्हिजनमधले दोन संघ भिडले तर आपापसातला सामना, आणि तो झालाच नसेल तर कॉन्फरन्समधली कामगिरी. सतरापैकी बारा सामने आपल्याच कॉन्फरन्समध्ये असतात, पाच पलीकडच्या. पलीकडच्या संघाकडून झालेली हार त्यामुळे स्वस्त पडते.

तपासा: तक्ता भरताना दुसरी फेरी टेनिसच्या ड्रॉसारखी आधीच ठरलेली धरली आहे का? एनएफएलमध्ये पहिल्या फेरीनंतर जोड्या पुन्हा लावतात. उरलेल्यांतलं सर्वांत खालचं सीड पहिल्या सीडकडे जातं. माझ्या मावसभावाने सलग तीन वर्षं ही एकच चूक केली.

## टप्पा २ : जिंकलेले सामने सोलून पाहा

आयपीएलच्या गुणतक्त्यात आपण नेट रनरेटकडे बघतोच. तसा इथे गुणफरक बघायचा: हंगामभर केलेले गुण वजा दिलेले गुण.

मिनेसोटा वायकिंग्ज, २०२२. कामगिरी १३-४. केलेले गुण ४२४, दिलेले ४२७. म्हणजे तेरा सामने जिंकलेल्या संघाने जेवढे गुण केले त्यापेक्षा तीन जास्त दिले. आठ किंवा त्याहून कमी गुणांनी सुटलेल्या अकरा सामन्यांपैकी अकराच्या अकरा त्यांनी जिंकले होते. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, घरच्या मैदानावर, न्यूयॉर्क जायंट्सकडून ३१-२४ अशी हार झाली.

गुणांवरून 'खरे' विजय काढायचं एक सूत्र आहे. केलेल्या गुणांचा २.३७ वा घात, भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या त्याच घातांची बेरीज, आणि येणाऱ्या उत्तराला सामन्यांच्या संख्येने गुणायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. वायकिंग्जचं उत्तर येतं सुमारे ८.४. वहीत १३ च्या शेजारी ८.४ लिहिलं की डोळे उघडतात.

आता चाळणी लावा, याच क्रमाने:

१. आठ किंवा कमी गुणांनी सुटलेले सामने वेगळे काढा. त्यांतली हारजीत साधारण निम्मी-निम्मी असती तर कामगिरी काय झाली असती, ते लिहा.

२. फंबल, म्हणजे हातातून सुटलेले चेंडू, पाहा. चेंडू लंबगोल आहे, जमिनीवर पडल्यावर कुठे उडेल याचा नेम नाही, त्यामुळे सुटलेले चेंडू दीर्घकाळात दोन्ही बाजूंना जवळपास सारखे मिळतात. एखाद्या संघाने दहापैकी आठ उचलले असतील तर ते कौशल्य समजू नका. फंबल घडवणं हे कौशल्य आहे, उचलणं बहुतांशी नशीब.

३. शेवटच्या आठवड्याचा सामना बघून बाजूला काढा. कॅन्सस सिटी चीफ्स २०२४ मध्ये १५-२ होते, गुण ३८५-३२६, फरक फक्त ५९. पण पहिलं सीड पक्कं झाल्यावर त्यांनी अठराव्या आठवड्यात मुख्य खेळाडूंना बसवलं आणि डेन्व्हरकडून ०-३८ अशी हार पत्करली. तो एक सामना काढला तर फरक ९७ होतो. ५९ आणि ९७ या दोन आकड्यांवरून दोन वेगळ्या संघांची चित्रं उभी राहतात. तरीही पंधरा विजयांच्या मानाने ९७ थोडेच, हेही विसरू नका.

सावधान: उणे गुणफरक दिसला की संघावर लगेच काट मारू नका. २०११ चे जायंट्स ९-७ होते, गुणफरक उणे सहा, आणि त्यांनी सुपर बोल (अंतिम सामना) जिंकला. त्यांचे डिफेन्सिव्ह लाइनचे (समोरच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारे) खेळाडू मधल्या काळात जखमी होते, ओसी उमेन्योरा बरेच सामने बाहेर बसला होता. जानेवारीत मैदानात उतरलेला संघ हंगामाच्या सरासरीतला संघ नव्हता. वहीतला पाचवा रकाना यासाठीच आहे.

## टप्पा ३ : शेवटचे सहा सामने, पण प्रतिस्पर्धी बघून

इथे माणसं दोन्ही टोकांना जातात. कुणी ताज्या फॉर्मकडे बघतच नाही, कुणी फक्त तेवढंच बघतं.

२०२३ चे फिलाडेल्फिया ईगल्स १०-१ होते. पुढच्या सहापैकी पाच सामने हरून ११-६ वर आले आणि प्लेऑफमध्ये टँपाकडून ३२-९ असे हरून बाहेर गेले. मी स्वतः त्यांना शेवटपर्यंत धरून होतो. 'एवढा चांगला संघ एका महिन्यात वाईट कसा होईल' हा माझा युक्तिवाद होता. वहीत उत्तर लिहिलेलंच होतं. हंगामाअखेर त्यांचे गुण ४३३-४२८ होते आणि पडझडीत ते फक्त सान फ्रान्सिस्को आणि डॅलसकडून नव्हे, तर अॅरिझोनाकडूनही घरच्या मैदानावर ३५-३१ असे हरले होते. बलाढ्य संघाकडून हरणं आणि ज्याचं काहीही पणाला लागलेलं नाही अशा संघाला पस्तीस गुण देणं यांत फरक आहे.

त्याच हंगामात चीफ्सचाही फॉर्म वाईट दिसत होता. नाताळच्या दिवशी ते घरच्या मैदानावर रेडर्सकडून २०-१४ असे हरले. पण पान दोन भागांत विभागलं की वेगळंच दिसायचं: अडखळत होता तो फक्त ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारी तुकडी). डिफेन्स (समोरच्यांना अडवणारी तुकडी) हंगामभर लीगमधल्या सर्वांत कंजूष दोन-तीन डिफेन्सपैकी होता. त्यांनी पुढे बफेलोत आणि बाल्टिमोरमध्ये परक्या मैदानांवर जिंकून सुपर बोलही जिंकला.

म्हणून फॉर्म मोजताना ऑफेन्स आणि डिफेन्सचे रकाने वेगळे ठेवा. प्रत्येकी एक आकडा पुरतो: दर खेळीमागे मिळवलेले यार्ड आणि दर खेळीमागे दिलेले यार्ड. शेवटच्या सहा सामन्यांचा आकडा पूर्ण हंगामाशी ताडून पाहा. फरक अर्ध्या यार्डापेक्षा मोठा असेल तर कारण शोधा, आणि कारण सापडलं नाही तर तो फरक फारसा मनावर घेऊ नका.

तपासा: त्या सहा सामन्यांत समोर क्वार्टरबॅक कोण होता? राखीव क्वार्टरबॅकविरुद्ध तीन सामने मिळालेला डिफेन्स डिसेंबरात नेहमीच पोलादी दिसतो.

## टप्पा ४ : हजेरी

दुखापतींचा अहवाल कसा वाचायचा हे कळलं की अर्ध्या अफवांची गरज उरत नाही. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस सरावाची नोंद येते: पूर्ण सराव, मर्यादित सराव, किंवा सराव नाही. मग शुक्रवारी शेरा: खेळेल की नाही अनिश्चित, खेळण्याची शक्यता कमी, किंवा बाहेर. शेऱ्यापेक्षा तीन दिवसांचा क्रम जास्त बोलतो. 'नाही, मर्यादित, पूर्ण' असा चढता क्रम असेल तर खेळाडू येतोय. 'पूर्ण, मर्यादित, नाही' असा उतरता असेल तर सरावात काहीतरी बिघडलं आहे, शेरा काहीही असो. मुरलेल्या खेळाडूला बुधवारी नुसती विश्रांती देतात, ते कारण अहवालात लिहिलेलं असतं, तिथे घाबरायचं नाही.

कोण नाही यापेक्षा कुठल्या जागेवरचा नाही, आणि एकाच जागेवरचे किती जण नाहीत, हे मोजा. एक कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला राखणारा) गेला तर संघ सावरतो. दोन ऑफेन्सिव्ह टॅकल (क्वार्टरबॅकला दोन कडांनी राखणारे) एकदम गेले तर क्वार्टरबॅक कुणीही असो, काम अवघड होतं. डेट्रॉइट लायन्स २०२४ मध्ये १५-२ होते, पण डिफेन्समधले इतके जण बाहेर होते (एडन हचिन्सनचा पाय सहाव्या आठवड्यातच मोडला होता) की वॉशिंग्टनने त्यांच्या घरी येऊन ४५ गुण केले. त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफच्या तीन इंटरसेप्शनवर सगळे तुटून पडले. एवढी भगदाडं पडलेल्या डिफेन्सबद्दल कमीच बोलणं झालं.

क्वार्टरबॅकच गेला तर? २०१६ मध्ये ओकलंड रेडर्स डेरेक कारचा पाय मोडला तेव्हा १२-३ होते. प्लेऑफमध्ये कॉनर कुकला आयुष्यातला पहिलाच सामना सुरुवातीपासून खेळायला लावला आणि ह्यूस्टनने त्यांना २७-१४ असं घरी पाठवलं. पुढच्याच हंगामात ईगल्सचा कार्सन वेंट्झ डिसेंबरात जायबंदी झाला, निक फोल्स आला आणि सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडला ४१-३३ असं हरवून सामनावीर ठरला. फोल्सने आधीच्या वर्षांत बरेच सामने सुरुवातीपासून खेळले होते आणि त्याच्यापुढे उत्तम ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला राखणारे पाच जण) होती. राखीव माणसाबद्दल हेच दोन प्रश्न विचारा: याआधी किती खेळला आहे, आणि पुढे लाइन कशी आहे.

## टप्पा ५ : आता क्वार्टरबॅक

इथे वेळ द्या. आधी आकडे, मग डोळे. उलटं केलं तर एखादा डोळ्यांत भरलेला साठ यार्डांचा पास सगळे आकडे पुसून टाकतो.

आकडे. टीव्हीवर दिसतं ते पासर रेटिंग, ज्यात जास्तीत जास्त १५८.३ मिळतात. त्यात पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन येतात. सॅक येत नाहीत. धावून मिळवलेले यार्ड येत नाहीत, फंबलही नाहीत. प्लेऑफमध्ये सॅकनेच सामने हातातून जातात, आणि तेच या आकड्यातून गळतं.

म्हणून हे सूत्र वापरा: पासचे यार्ड, अधिक टचडाउन गुणिले २०, वजा इंटरसेप्शन गुणिले ४५, वजा सॅकमध्ये गमावलेले यार्ड. या सगळ्याला भागायचं फेकलेले पास अधिक सॅक यांच्या बेरजेने.

वहीतलं सरावाचं उदाहरण देतो, दोन काल्पनिक क्वार्टरबॅक, शेवटचे सहा सामने.

पहिला: २०० पास, १४८० यार्ड, ११ टचडाउन, ५ इंटरसेप्शन, १८ सॅकमध्ये १२० यार्ड गमावले. वर १४८० + २२० – २२५ – १२० = १३५५. खाली २१८. उत्तर ६.२.

दुसरा: १९० पास, १३३० यार्ड, ९ टचडाउन, २ इंटरसेप्शन, ८ सॅकमध्ये ५२ यार्ड गमावले. वर १३३० + १८० – ९० – ५२ = १३६८. खाली १९८. उत्तर ६.९.

दर पासमागे नुसते यार्ड बघितले तर पहिला ७.४ आणि दुसरा ७.०. टीव्हीवर पहिला चमकतो. पण चेंडू सांभाळणं आणि वेळेत सोडणं धरलं की दुसरा बराच पुढे जातो. जानेवारीत मला दुसरा हवा.

धावणारा क्वार्टरबॅक असेल तर आणखी एक रकाना: तिसऱ्या डाउनवर त्याने स्वतः धावून किती वेळा नवे चार डाउन मिळवले. एकूण धावलेल्या यार्डांपेक्षा हा आकडा जास्त सांगतो.

डोळे. त्याचे दोन पूर्ण सामने निवडा, एक जिंकलेला आणि एक हरलेला. झलक बघू नका, झलकीत चुका नसतात. आवाज बंद करा, समालोचक आपल्याऐवजी मत बनवतो. मग फक्त तिसऱ्या डाउनवर सात किंवा जास्त यार्ड हवे असलेल्या खेळी बघा. तेव्हा सगळ्या स्टेडियमला माहीत असतं की पास येणार, लपवायला काही उरत नाही.

प्रत्येक खेळीला चार गोष्टी टिपायच्या.

चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंत किती वेळ गेला? मोबाइलवरचं स्टॉपवॉच चालेल. साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद ही नेहमीची वेळ. सतत तीनच्या वर जात असेल तर सॅकचा दोष लाइनवर टाकण्यापूर्वी थांबा. बरेच सॅक क्वार्टरबॅक स्वतः ओढवून घेतो.

दाब आल्यावर पाय कुठे जातात? चांगला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकतो, दोन्ही बाजूंनी येणारे त्याच्या मागून निघून जातात आणि त्याची नजर मैदानावरच राहते. घाबरलेला मागे मागे जातो, किंवा नजर खाली घालून अंगावर येणाऱ्यांकडे बघतो. मागे जाण्याने त्याच्याच टॅकलचं काम अशक्य होतं. एका सामन्यात हे दहा वेळा दिसेल, आणि एकदा दिसायला लागलं की पुन्हा नजरेतून सुटत नाही.

पास हवा तेवढा लांब गेला का? नऊ यार्ड हवे असताना चार यार्डांचा सोपा पास दिला तर पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी वाढते आणि चेंडू पुढच्याच खेळीला पंटने (लाथेने दूर मारून) समोरच्यांकडे जातो. अशा पासांवर खूण करा. सत्तर टक्क्यांचा क्वार्टरबॅक कधी कधी अशा खुणांनी भरलेला असतो.

चुकलेला पास कुठे पडला? जमिनीवर किंवा रेषेबाहेर गेला तर नुकसान एका खेळीचं. रिसीव्हरच्या डोक्यावरून मैदानाच्या मध्यभागी गेला तर मागे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) उभा असतो. असे तीन पास हातून सुटलेले दिसले आणि इंटरसेप्शन शून्य असतील, तर ते शून्य टिकायचं नाही.

सावधान: 'प्लेऑफमध्ये जिंकता येत नाही' हा शिक्का लावायची घाई नको. जानेवारी २०२२ मध्ये बफेलोच्या जॉश अॅलनने दोन सामन्यांत नऊ टचडाउन पास दिले, इंटरसेप्शन एकही नाही, आणि तरी तो कॅन्सस सिटीत ४२-३६ असा हरला. त्याच्या डिफेन्सला शेवटचे तेरा सेकंद सांभाळता आले नाहीत आणि जादा वेळेत चेंडू त्याच्या हाती आलाच नाही. त्यानंतर प्लेऑफच्या जादा वेळेचा नियम बदलला आणि दोन्ही संघांना चेंडू मिळू लागला. पेटन मॅनिंगही प्लेऑफचे पहिले तीन सामने हरला होता. अनुभव नसणं हाही शिक्का नव्हे: ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड पहिल्याच वर्षी प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात क्लीव्हलंडविरुद्ध ४५-१४ असा जिंकला.

आणि चार सामन्यांत काहीही घडू शकतं यासाठी जागा ठेवा. २०१२ चा जो फ्लॅको हंगामभर २२ टचडाउन आणि १० इंटरसेप्शनवाला होता. प्लेऑफच्या चार सामन्यांत ११ टचडाउन, शून्य इंटरसेप्शन, आणि बाल्टिमोरला विजेतेपद.

## टप्पा ६ : लाइन विरुद्ध लाइन

मला एकच टप्पा करायला सांगितला तर मी हा करेन.

फेब्रुवारी २०२१ चा सुपर बोल आठवा. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स तेव्हा सगळ्यांच्या मते सर्वोत्तम होता, पण त्याचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते. टँपाच्या चार जणांनी त्याला संध्याकाळभर पळवलं. चीफ्सने तीन फील्ड गोल (लाथेने मारलेले, प्रत्येकी तीन गुणांचे) केले, टचडाउन एकही नाही, निकाल ३१-९. चार वर्षांनी तेच. डाव्या टॅकलच्या जागी मूळचा गार्ड (टॅकलच्या आतल्या जागेवरचा) जो थूनी खेळत होता. ईगल्सने जवळजवळ ब्लिट्झ (जादा माणसं अंगावर धाडणं) न करता, पुढच्या चौघांच्याच बळावर, माहोम्सला सहा वेळा सॅक केलं, निकाल ४०-२२. माहोम्स दोन्ही वेळा तोच होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या पुढ्यातले लोक कमी पडले.

चौघांनी दाब आणणं एवढं महत्त्वाचं का? पाचवा-सहावा माणूस अंगावर धाडला की मागे जागा मोकळी राहते आणि कसलेला क्वार्टरबॅक ती लगेच शोधतो. चौघांतच काम भागलं तर मागे सात जण राखायला उरतात.

जोडी ठरली की हे करा: दोन्ही संघांच्या ऑफेन्सिव्ह लाइनवरची पाच नावं लिहा, प्रत्येकाने त्याच जागेवर या हंगामात किती सामने खेळले ते शेजारी लिहा, आणि समोरच्या डिफेन्सने ब्लिट्झ न करता किती दाब आणला ते पाहा. मिनेसोटाचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड २०२४ मध्ये १४ विजय घेऊन आला होता. शेवटच्या आठवड्यात डेट्रॉइटने दाबाखाली त्याला नऊ गुणांवर रोखलं तेव्हाच वाट दिसली होती. पुढच्या सामन्यात रॅम्सनी त्याला नऊ वेळा सॅक केलं आणि मिनेसोटाचे पुन्हा नऊच गुण झाले.

तपासा: लाइनवर दोन किंवा अधिक बदली खेळाडू असतील तर टप्पा ५ मधलं क्वार्टरबॅकचं उत्तर खाली आणा. नाव कितीही मोठं असो.

## टप्पा ७ : हवा आणि मैदान

थोडक्यात: थंडीला लोक घाबरतात, घाबरायला हवं वाऱ्याला. एकच मैदान, तेच दोन संघ, सहा आठवड्यांचं अंतर. ६ डिसेंबर २०२१, बफेलोत सोसाट्याचा वारा. न्यू इंग्लंडने पूर्ण सामन्यात फक्त तीन पास टाकले आणि १४-१० असा सामना जिंकला. १५ जानेवारी २०२२, तिथेच उणे चौदा सेल्सियसच्या आसपास कडाका, पण वारा बेताचा. बफेलोने पहिल्या सात चढायांत सात टचडाउन केले, ४७-१७. सामन्याच्या आदल्या दिवशी तापमानाआधी वाऱ्याचा वेग बघा. छप्पर असलेलं स्टेडियम असेल तर हा टप्पा सोडून द्या.

सामन्याची जागाही एकदा पडताळून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यांमुळे रॅम्सचा 'घरचा' सामना अॅरिझोनात झाला होता.

## टप्पा ८ : आकडा लिहा, मग पुन्हा उघडा

प्रत्येक सामन्यासाठी टक्केवारी लिहा: ५५, ६०, ६५. 'जिंकेल' असं लिहू नका. ७० च्या वर जाताना हात आखडता घ्या. १० च्या पटीत अंदाज येत असतील तर अजून पानं नीट वाचलेली नाहीत असं समजा.

टक्केवारी ठरवताना टप्पा २ आणि ६ ला सर्वांत जास्त वजन, मग ५, मग ४. टप्पा ३ ने दोन-तीन टक्क्यांपलीकडे हलू नका. शेजारी एका ओळीत कारण लिहा आणि 'काय कळलं तर मत बदलेन' तेही लिहा. उदाहरणार्थ: 'डावा टॅकल खेळला नाही तर ६० चे ५०.'

ती ओळ कामाला येते सामन्याच्या दीड तास आधी. तेव्हा त्या दिवशी न खेळणाऱ्यांची अधिकृत यादी येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो, म्हणजे यादी रात्री दहाला. जेवण आटोपून वही उघडा, यादीतली नावं पाचव्या आणि सहाव्या रकान्याशी ताडा, आणि आकडा बदलायचा असेल तर जुना न खोडता शेजारी नवा लिहा. दोन्ही आकडे राहिले तरच पुढच्या डिसेंबरात कळतं की तुम्ही शेवटच्या क्षणी केलेले बदल बरोबर निघतात की चूक.